गाव भरलेलं असतं तेव्हा

गावातल्या कुठल्याही मंडळाची वर्षाची आखणी बहुधा भिंतीवरच्या कालनिर्णयापासून सुरू होते. वाचनालय असो, बचत गटांचा ग्रामसंघ असो की तरुण मंडळ, कार्यकारिणी बसते, पानं उलटली जातात आणि तारखा टिपून घेतल्या जातात. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, 12 जानेवारीला जिजाऊ जयंती, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग 26 जानेवारी, 19 फेब्रुवारीची शिवजयंती, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि 8 मार्चला महिला दिन. दोन-अडीच महिन्यांत सात कार्यक्रम झाले. व्याख्यान, निबंध स्पर्धा, मिरवणूक, वाण, पुस्तक प्रदर्शन असं वैविध्यही फार डोकं न चालवता येतं. पुण्या-ठाण्यातल्या मंडळाला ही यादी चालून जाईल. बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या डोंगरपट्ट्यात मात्र यातला एकूण एक कार्यक्रम अशा वेळी येतो, जेव्हा मंडळाचे बरेचसे सभासद दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतात.

बालाघाटच्या रांगांवरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. जिल्ह्याचं वार्षिक सरासरी पाऊसमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही कधी दगा देईल याचा नेम नसलेलं. खरिपाचं सोयाबीन-कापूस निघालं की हलक्या रानात पुढं काम नाही. म्हणून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि थेट कर्नाटकातले कारखाने ही त्यांची ठिकाणं. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मंडळाच्या आखणीसाठी हा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. कोकणातून किंवा साताऱ्यातून मुंबईला जाणारा पुरुष एकटा जात होता आणि बाई गावात राहत होती. बीडमधून दोघं जातात, बऱ्याचदा लहान लेकरांसकट. 2011च्या जनगणनेत 25,85,049 लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं अशी बाहेर पडतात आणि पाडवा ते अक्षय तृतीयेच्या सुमाराला परततात. महिला मंडळाच्या सगळ्यांत कर्त्या वयाच्या सभासद नेमक्या याच जोड्यांमध्ये असतात. त्यामुळे त्यांच्यासाठी ठरवलेला महिला दिन त्यांच्याविना होतो.

हा केवळ हौशी मंडळांचा निष्काळजीपणा आहे असंही नाही, कायद्याने ठरलेल्या सभांचंही तेच होतं. राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्या रूढ तारखा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर अशा आहेत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभाही अपेक्षित असते. या चार तारखा ऊसतोडीच्या गावावर ठेवून पाहा. 26 जानेवारीला हंगाम ऐन भरात असतो. 1 मेला माणसं परतलेली असतात, पण लग्नसराईत आणि पाण्याच्या धावपळीत अडकलेली. खऱ्या अर्थाने भरलेल्या गावात होतात त्या दोनच, ऑगस्टची आणि ऑक्टोबरची. आणि ऑक्टोबरच्या सभेलाही पाय गाडीकडे वळलेले असतात. उलट सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. ही मुदत बीडकडे पाहून कुणी घातलेली नाही, पण ती बीडच्या गावाला चपखल बसते. तारीख कुठं पडते यावर सभेत कोणाचा आवाज येणार हे ठरतं, आणि कार्यक्रमांच्या बाबतीतही याहून वेगळं काही घडत नाही.

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 साली ग्रामीण विकासावरच्या आपल्या पुस्तकात एक गोष्ट नेमकी दाखवून दिली. बाहेरची माणसं, मग ते अधिकारी असोत, संशोधक असोत की पाहुणे, खेड्यात येतात ती कोरड्या हंगामात. रस्ते चांगले असतात, हवा बरी असते, पिकं निघालेली असतात. गरिबाचे सर्वांत कठीण दिवस पावसाळ्यात येतात आणि ते पाहायला कुणी नसतं. बीडमध्ये याला आणखी एक पदर आहे. इथं कोरड्या हंगामात गरीब माणूस बिकट अवस्थेत दिसत नाही एवढंच नव्हे, तो गावातच दिसत नाही. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत खेड्यात मुक्काम करतात, व्याख्यातेही याच काळात मोकळे असतात, आमदार-खासदारांचे दौरेही हिवाळ्यात सोयीचे पडतात. कार्यकारिणीला वाटतं की तारीख आपण निवडली. प्रत्यक्षात ती पाहुण्याच्या सोयीने पडलेली असते. त्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा, लाउडस्पीकर लावायची चोरी. शिवाय रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 आणि 2026 या दोन्ही वर्षी 8 मार्च रोजांमध्येच आला. दुपारचा कार्यक्रम आणि शेवटी जेवण असा बेत ठेवला, तर गटातल्या मुस्लीम बायकांना आमंत्रण देऊनही वगळल्यासारखंच झालं.

तेव्हा आखणीचा पहिला कागद कार्यक्रमांचा नसावा, हजेरीचा असावा. बारा महिने आडवे लिहावेत आणि सभासदांतलं कोण कधी घरी असतं, दिवसाच्या कुठल्या वेळी मोकळं असतं, हातात पैसा कधी असतो, एवढंच भरावं. हे करायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. गटातल्या कुठल्याही चार बायका अर्ध्या तासात भरून देतील. असा कागद भरला की दिसतं, की बीडच्या गावाचं सामाजिक वर्ष खरं तर पावसाळ्यात असतं. मृग निघाला की पेरणीची घाई, तेव्हा काहीही ठेवू नये. आषाढी होऊन श्रावण लागला की खुरपणी चालू असते, पण संध्याकाळी देवळात पोथी लागते आणि माणसं आपण होऊन एकत्र बसतात. नागपंचमी, पोळा, मग महालक्ष्म्या आणि गणपती. लेकी माहेरी येतात, टोळीतले लोक अजून गावात असतात, उडीद-मूग निघून चार पैसे आलेले असतात. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीनची काढणी लागली की पुन्हा कुणाला बोलायला सवड नाही. म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे आठ-नऊ आठवडे हा मंडळाचा खरा हंगाम. पाऊस आडवा येईल हे खरं; सप्टेंबर 2025 मध्ये बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टीने जे झालं ते ताजं आहे. पण पावसाने पुढं ढकललेला कार्यक्रम आठवड्याभराने होऊ शकतो. फडावर गेलेला सभासद आठवड्याभराने परत येत नाही.

वेळेचंही तसंच. दुपारी तीनची सभा ही नोकरदाराची कल्पना आहे, शेतमजूर बाईसाठी ती एक खाडा असते. रात्री जेवणं उरकल्यावर साडेआठ-नऊला बसणं परवडतं, पण पुरुष हवे असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत रात्रपाळीचा आठवडा असेल, तर बागायतदार सभासद बॅटरी घेऊन दाऱ्यावर उभा असणार, व्याख्यानाला नाही. गावच्या लाइनमनला एक फोन केला तर हे कळतं, पण कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी तो फोन करणारी मंडळं फार नसावीत. आठवडी बाजाराचा दिवसही असाच. मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी चुकती होते, त्यामुळे बचतीची बैठक बाजाराच्या संध्याकाळी ठेवावी आणि दुपारी मात्र त्या दिवशी काहीही ठेवू नये.

आता वैविध्याचा प्रश्न. मंडळाचे लोक वैविध्य शोधतात ते विषयात. मागच्या वर्षी आरोग्यावर झालं, यंदा कायद्यावर. मागं रांगोळी, यंदा पाककृती. माझ्या मते विषय हा वैविध्याचा सगळ्यांत वरवरचा थर आहे. दहा निरनिराळ्या विषयांवरची दहा व्याख्यानं हा ऐकणाऱ्याच्या दृष्टीने एकच कार्यक्रम दहादा झालेला असतो: एक माणूस बोलतो, बाकीचे सतरंजीवर बसतात. खरं वैविध्य कामाच्या वजनात आणि वाट्यात असतं. काही कार्यक्रम बिनखर्ची आणि तासाभराचे, काही मध्यम, एखाद-दुसरा मोठा. कुठं बोलणारे सभासद, कुठं रांधणारे, कुठं नुसते येऊन बसणारे. याचा नमुना दूर शोधायला नको. गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर. काकड्याला म्हातारी माणसं, पारायणाला वाचता येणारे, हरिपाठाला पोरं, कीर्तनाला सगळा गाव. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नसतो, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लागतात आणि ज्याला गाता येत नाही, बोलता येत नाही असा माणूसही मध्यरात्री दोन तास वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो आणि सप्ताहाचा भाग होतो. पंगतीचा खर्च घरांत वाटलेला. कार्यक्रमांची अशी बांधणी कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळायची नाही. भगवानगड आणि गहिनीनाथगड यांचे नारळी सप्ताह तर दर वर्षी नव्या गावाला जातात आणि ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, टोळ्या परतण्याच्या दिवसांत येतात. ज्यांनी ही रीत बसवली त्यांनी आपला श्रोता कधी घरी असतो हे बरोबर ओळखलेलं होतं.

यावर बचत गटांच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. गटाचा पायाच पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गटाची प्रतवारी यावर होते आणि फिरता निधी, बँकेचं कर्ज याच वहीवर अवलंबून असतं. पाच-सहा महिने बैठका विस्कळीत झाल्या तर गट मागं पडणार. मग हंगामाप्रमाणे चालायचं कसं? याचं उत्तर असं, की नियमित गोष्टी आणि कार्यक्रम यांची गल्लत करू नये. बैठक हा कार्यक्रम नाही. ती दर आठवड्याला, वीस मिनिटांची, चहाशिवाय, गावात चार जणी उरल्या तरी व्हायला हवी. गेलेल्यांची बचत सासूच्या हातून किंवा फोनवरून येऊ शकते. आणि मुकादम गावचाच असल्याने एकाच गटातल्या तिघी-चौघी बऱ्याचदा एकाच टोळीत असतात, तेव्हा कोप्यांसमोर त्यांनी आपला हिशेब एका साध्या वहीत लिहून सीआरपी ताईला, म्हणजे गटांच्या समुदाय संसाधन व्यक्तीला, कळवणं अशक्य नाही. फार अपेक्षा मात्र ठेवू नये. ऊसतोडीत पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री गाडी भरून होईपर्यंत दिवस संपत नाही, अशा बाईकडून बैठकीचं इतिवृत्त मागणं हा क्रूरपणा ठरेल. आकडा कळला तरी पुरे. शिबिर, सहल, प्रदर्शन, व्याख्यान या जड गोष्टी मात्र त्या नसताना उरकून घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेचा. सगळं गाव थोडंच जातं? आणि जिल्ह्यातली प्रत्येक संस्था ऊसतोड कामगारांची थोडीच आहे? बरोबर आहे. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह 25 नोव्हेंबरला, चव्हाणांच्या स्मृतिदिनाला धरून होतो. शेतकरी परिषद, कविसंमेलन, शास्त्रीय संगीत असा त्याचा थाट असतो आणि तो काही दशकं टिकला आहे. शिक्षक, डॉक्टर, वकील, विद्यार्थी यांच्या गावाला नोव्हेंबर अडचणीचा नाही. हजेरीचा कागद त्यांनी भरला तर वेगळा भरेल, एवढाच याचा अर्थ. आणि खेड्यातही मागं उरणारे कमी नसतात: म्हातारी माणसं, थोडीफार बागायत असलेली घरं आणि आजी-आजोबांकडे ठेवलेली शाळकरी मुलं. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात. हिवाळ्याचं वेळापत्रक या उरलेल्यांचं असावं. वाचनालयाने डिसेंबर ते मार्च मोठ्या व्याख्यानांचा नाद सोडून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मुलांना मोठ्याने पुस्तक वाचून दाखवावं, आज्यांकडून ओव्या आणि कहाण्या ऐकाव्यात, त्या लिहून ठेवाव्यात. ज्वारी हुरड्याला आली की एखादा दिवस रानात बसावं. खर्च जवळजवळ शून्य, आणि ज्यांच्यासाठी आहे ते सगळे हजर.

मग 8 मार्च सोडून द्यायचा का, असं कुणी विचारेल. तारखेला अर्थ असतो, जगभर त्या दिवशी काही होत असतं, पंचायत समितीला फोटोही पाठवायचा असतो. सोडू नये; पण त्या दिवसाचं आकारमान गावात उरलेल्यांच्या मानाने ठेवावं आणि महिलांचा मोठा मेळावा पोळा ते महालक्ष्म्यांच्या दरम्यान घ्यावा. तारीख साजरी करणं आणि माणसं जमवणं या दोन गोष्टी शहरात एकाच दिवशी उरकता येतात, इथं त्या वेगळ्या कराव्या लागतात. आरोग्य शिबिराच्या बाबतीत तर हा फरक जिवावरचा आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अशा जिल्ह्यात स्त्रियांच्या तपासणीचं शिबिर मार्चमध्ये घेऊन कुणाला तपासणार? ते फडावर जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा व्हायला हवं. सप्टेंबरातलं शिबिर ही मंडळाच्या वर्षातली सर्वांत जड आणि सर्वांत न चुकवण्याची गोष्ट मानावी, बाकी स्पर्धा-बिर्धा तिच्याभोवती बसवाव्यात.

आणखी एक अडचण राहते ती सरकत्या तारखांची. टोळ्या नेहमीच पाडव्याला येतात असं नाही. 2021-22च्या हंगामात ऊस इतका झाला, की राज्यात गाळप जूनपर्यंत लांबलं. 2024-25 मध्ये ऊस कमी, म्हणून कित्येक कारखान्यांचे पट्टे मार्चमध्येच पडले. सुरुवातही हलते: 2023 मध्ये गाळपाला 1 नोव्हेंबर ही तारीख मिळाली, 2024 मध्ये 15 नोव्हेंबर. वरून पंचांगाचं गणित. 2025चा दसरा 2 ऑक्टोबरलाच आला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तो 20 ऑक्टोबरला जातो, आणि पोळा, महालक्ष्म्या सगळं तसंच पुढं सरकतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला बारा महिन्यांच्या तारखा छापून मोकळं होण्यात अर्थ नाही. मोठे कार्यक्रम प्रसंगाला बांधावेत: टोळ्या परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात, पोळ्याच्या आधीच्या बाजारानंतर, उचल वाटायला लागण्याआधी. तारीख महिनाभर आधी पक्की करता येते. व्याख्यात्याची आधीपासून तारीख घ्यावी लागते हे खरं, पण व्याख्यात्याशिवाय होणाऱ्या गोष्टी जास्त ठेवल्या की ही अडचण अर्धी होते.

वर्गणीचं तेवढं जपून. पावसाळ्यात उचलीचे पैसे हातात येतात आणि तेव्हाच पावतीपुस्तक फिरवणं खजिनदाराला सोयीचं वाटतं. पण उचल ही कमाई नाही, पुढच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीवर काढलेलं कर्ज आहे. त्यातून घेतलेली शंभराची पावती सभासदाला शंभराहून महाग पडते. मूग-उडदाच्या पैशातून किंवा फड सुटून हिशेब झाल्यावर जे उरेल त्यातून, आणि तेही हप्त्याने घ्यावी. ज्यांचा हिशेब फिटला नाही, ज्यांच्या अंगावर बाकी राहिली, त्यांना त्या वर्षी सोडावं आणि ते कुठं वाचून दाखवू नये.

पुढच्या वर्षाचा कागद भरायची बैठकही मग आपोआप ठरते. ती जानेवारीत नको, एप्रिलच्या आर्थिक वर्षाबरोबरही नको. सोयाबीनची काढणी लागायच्या आधी, सप्टेंबरात, जाणाऱ्या आणि राहणाऱ्या दोन्ही सभासद समोर असताना ती व्हावी. जाणाऱ्यांनी सांगावं, आपल्यामागं मुलांसाठी काय व्हावं, वहीत आपली बचत कोण भरेल, आणि परतल्यावर पहिला कार्यक्रम कशाचा हवा. राहणाऱ्यांनी हिवाळ्यातल्या पाळ्या वाटून घ्याव्यात. कार्यकारिणीची निवड त्याच बैठकीत उरकली, तर सहा महिने बाहेर असणारी बाईही अध्यक्ष होऊ शकते, सोबत गावात राहणारी सचिव असली की झालं.